प्रश्न तुमचे, पिक्चर जर्मनीचे

गेल्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, की पुढच्या वेळी हल्लीच्या जर्मन सिनेमावर बोलू, कोणाला काही विचारायचं असेल तर पाठवा. एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. सारखे होते ते एकत्र केलेत, ज्यांचे राहिले त्यांनी रागवू नका, जागाच तेवढी आहे.

मी इंजिनिअरिंगला आहे, आजवर एकही जर्मन पिक्चर बघितलेला नाही. सुरुवात कुठून करू? मोठी लिस्ट नको, एकच नाव सांगा.
*एक विद्यार्थिनी, पुणे*

एकच म्हणतेस तर 'द टीचर्स लाउंज'. 2023 चा आहे, डायरेक्टर इल्कर चाताक. शाळेत चोऱ्या होतायत, संशय आधी एका टर्किश घरातल्या पोरावर जातो, वर्गात येऊन मुलांची पाकिटं तपासली जातात, आणि नव्याने लागलेल्या एका बाईंना हे सगळं पटत नाही म्हणून त्या स्टाफरूममध्ये आपल्या लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून बाहेर जातात. रेकॉर्डिंगमध्ये चेहरा येत नाही, फक्त एक बाही येते, नक्षीची. तेवढ्या बाहीवरून त्या एका बाईवर आरोप करतात आणि तिथून पुढे अख्ख्या शाळेचा जो काही विचका होतो तो बघताना माझे हात घट्ट मुठीत होते. दीड तासाच्या थोडा वर आहे, इतिहास वगैरे काहीही माहीत असायची गरज नाही, आणि लिओनी बेनेश या नटीने बाईंचं काम असं केलंय की त्यांची चूक होतीये हे दिसत असूनही आपण त्यांच्याच बाजूने राहतो. हे बघ, आवडलं तर पुढचं उत्तर वाच.

जर्मन सिनेमा म्हणजे हिटलर आणि भिंत, एवढंच का असतं हो? दरवर्षी तेच तेच.
*निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक*

काका, यात थोडा दोष त्यांचा आहे पण बराचसा ऑस्करवाल्यांचा आहे. परदेशी सिनेमाचं ऑस्कर जर्मनीला आतापर्यंत ज्या पिक्चरना मिळालं ते बघा ना. 'द टिन ड्रम', मग 2003 मध्ये 'नोव्हेअर इन आफ्रिका', 2007 मध्ये 'द लाइव्ज ऑफ अदर्स', आणि 2023 मध्ये 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. एकात नाझी काळातलं डान्झिग, दुसऱ्यात नाझींपासून पळून केनियाला गेलेलं ज्यू कुटुंब, तिसऱ्यात पूर्व जर्मनीचे गुप्त पोलिस, चौथ्यात पहिलं महायुद्ध. आज काल जर्मनीत माणसं कशी जगतायत यावरचा एकही नाही. 'टोनी एर्डमान' आणि वर सांगितलेला 'टीचर्स लाउंज' हे दोन्ही आजचे, दोन्हींना नामांकन मिळालं आणि तिथेच थांबलं. मग निर्माते पण शिकतात की बाबा बाहेर विकायचं तर युनिफॉर्म लागतो.

'ऑल क्वाएट' बद्दल एक सांगतो, कारण याच पिक्चरवरून अजून बऱ्याच जणांनी विचारलंय. एडवर्ड बर्गरचा हा पिक्चर चार ऑस्कर घेऊन आला, कॅमेरा आणि सेट तर बघतच राहावं असे आहेत, पण जर्मन समीक्षकांनी त्याला चांगलाच झोडपला. मूळ कादंबरीत नायक मरतो तो एका अगदी शांत दिवशी, आघाडीवर सगळं ठीक आहे असा रिपोर्ट जातो त्या दिवशी, आणि कादंबरीचं नाव त्यावरूनच आहे. इथे त्याला युद्ध थांबायच्या आधीच्या अगदी शेवटच्या मिनिटांत, एका वेड्या जनरलच्या हट्टापायी झालेल्या हल्ल्यात मारलाय. मला स्वतःला समीक्षकांचं पटतं, शेवट मोठा केला आणि लहान झाला. याच कादंबरीवरचा 1930 सालचा अमेरिकन पिक्चर मिळाला तर तो बघा. तो बर्लिनला लागला तेव्हा हिटलरचा प्रचारप्रमुख गोबेल्सच्या माणसांनी थिएटरमध्ये पांढरे उंदीर सोडले होते आणि घाण वासाच्या कुप्या फोडल्या होत्या, आणि काही दिवसांत सरकारने पिक्चरच बंद केला.

आता इतिहासच बघायचा असेल तर क्रिस्टियान पेट्झोल्डचा बघा. 1960 चा जन्म, आईवडील पूर्व जर्मनीतून पळून पश्चिमेला आलेले. त्याचा 'ट्रान्झिट' 2018 चा. गोष्ट आना झेगर्सच्या 1944 च्या कादंबरीची, म्हणजे नाझी फ्रान्समध्ये घुसलेत आणि निर्वासित मार्सेलला येऊन बोटीच्या आणि व्हिसाच्या रांगेत उभे आहेत. आणि याने काय केलं, तर गोष्ट तीच ठेवली आणि शूटिंग आजच्या मार्सेलमध्ये केलं, आजच्या गाड्या, आजचे पोलिस, कुठे स्वस्तिक नाही की जुना युनिफॉर्म नाही. पहिली दहा मिनिटं डोकं गरगरतं, मग कळतं की हा माणूस आपल्याला 'ते तेव्हा झालं' असं म्हणायची सोयच ठेवत नाहीये. त्याचाच 'फिनिक्स', 2014 चा. छळछावणीतून वाचलेली बाई, चेहरा ऑपरेशनने नवा केलेला, नवऱ्याकडे परत येते आणि तो तिला ओळखतच नाही, उलट म्हणतो तू माझ्या मेलेल्या बायकोसारखी दिसतेस, तिचं सोंग घे, आपण तिची इस्टेट वाटून घेऊ. शेवटचा सीन मी सांगणार नाही, फक्त गाणं लक्ष देऊन ऐका.

हे 'बर्लिन स्कूल' काय प्रकरण आहे? दोन पिक्चर लावले, दोन्ही अर्धवट सोडले. एवढं स्लो कशासाठी?
*कोल्हापूर*

कुठले दोन ते लिहिलं असतं तर बरं झालं असतं, कारण यात माणसामाणसात खूप फरक आहे. बर्लिनच्या फिल्म अकॅडमीत, डीएफएफबी म्हणतात तिला, तिथे पेट्झोल्ड, आंगेला शानेलेक आणि टोमास आर्सलान असे तिघं शिकले, साधारण भिंत पडली त्या सुमाराला. हारून फारोकी हा डॉक्युमेंट्रीवाला त्यांना शिकवायचा. नंतर दुसऱ्या गावांतली तरुण मंडळी जोडली गेली, म्युनिकच्या पोरांनी 'रिव्हॉल्व्हर' नावाचं मासिक काढलं, आणि समीक्षकांनी सगळ्यांना मिळून एक लेबल लावून टाकलं. जाहीरनामा वगैरे काही नाही. जाहीरनामा काढला होता तो त्यांच्या आधीच्या पिढीने, 1962 ला ओबरहाउजनमध्ये, जुना सिनेमा मेला असं छातीठोक सांगून. ही मंडळी तशी आवाज करणारी नाहीत.

स्लो म्हणाल तर शानेलेक खरंच अवघड आहे. 2019 ला बर्लिनेलमध्ये, म्हणजे बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये, तिला डायरेक्शनचं सिल्व्हर बेअर मिळालं त्या पिक्चरमध्ये सुरुवातीला एक गाढव आणि एक कुत्रा आहेत आणि ते तिथे का आहेत हे मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. तिथून सुरू केलं असेल तर सोडलंत ते बरोबरच केलंत. पण पेट्झोल्ड स्लो नाहीये हो. त्याचे पिक्चर म्हणजे खून, फसवणूक, लपवलेले पैसे, गाडीतून पळणं, सगळा थ्रिलरचा मसाला आहे, फक्त तो फोडणीचा आवाज येऊ देत नाही.

'येला' घ्या, 2007 चा. पूर्व जर्मनीतल्या व्हिटेनबर्गे नावाच्या, कारखाने बंद पडलेल्या गावातली बाई नोकरीसाठी हॅनोव्हरला जाते आणि व्हेंचर कॅपिटलवाल्याच्या हाताखाली लागते. मीटिंगमध्ये कोणी कधी मागे टेकून बसायचं, कुठल्या क्षणी समोरच्याकडे रोखून बघायचं, हे ती शिकत जाते. हे मीटिंगचे सीन एवढे खरे का वाटतात, तर फारोकीने आधी अशाच एका खऱ्या वाटाघाटीवर डॉक्युमेंट्री केली होती आणि पेट्झोल्डने तिचा पुरेपूर उपयोग केला. ही बाई झालेल्या नीना होसला या कामासाठी बर्लिनमध्ये सिल्व्हर बेअर मिळालं. माझं तर मत असं आहे की आजच्या जर्मन सिनेमाचा जीव इथे आहे, कामाच्या ठिकाणी. नोकरी, कॉन्ट्रॅक्ट, साहेब, पगार, आणि त्यापायी माणूस घरी येऊन कसा वागतो. युद्धाचे पिक्चर सगळेच देश करतात. पण मीटिंगरूममध्ये कॅमेरा लावून तुम्हाला खुर्चीच्या टोकावर आणणारे मला दुसरीकडे फारसे दिसले नाहीत.

'टोनी एर्डमान' ची फार स्तुती ऐकून आम्ही नवराबायकोने लावला. 162 मिनिटं! हे मधेच झोपले. मी पूर्ण बघितला पण विनोदी म्हणतात तो विनोद कुठे होता?
*ठाणे*

ताई, तुम्ही पूर्ण बघितलात हेच खूप. विनोदी असं नुसतं लेबल लावून ज्याने तुमच्या गळ्यात मारला त्याला आधी पकडा, कारण तो लेबलमुळे फसवतो. बाप आखेनचा संगीत शिक्षक, रिटायर होण्याच्या सुमाराचा, फालतू जोक करणारा. मुलगी बुखारेस्टमध्ये कन्सल्टंट, तेल कंपनीतली माणसं कशी कमी करायची याचा रिपोर्ट करतीये, म्हणजे नोकऱ्या जाणार ते तिच्या स्लाइडवरून, आणि साहेबाला ते स्वतःच्या तोंडाने बोलायचं नाही म्हणून हिला पुढे केलंय. बाप न सांगता टपकतो, नंतर विग आणि खोटे दात लावून तिच्या ऑफिसच्या पार्ट्यांत वेगळ्याच नावाने फिरतो.

आता गंमत बघा, मारेन आडे ही डायरेक्टर जोकला जोक म्हणून थांबूच देत नाही. कोणीतरी काहीतरी विचित्र बोलतं, दुसऱ्या कुठल्याही पिक्चरमध्ये तिथे कट होऊन आपण हसून मोकळे झालो असतो, इथे कॅमेरा तसाच चालू राहतो आणि त्या खोलीतल्या सगळ्यांची पंचाईत आपल्याला पण भोगावी लागते. म्हणून 162 मिनिटं. बाप कीबोर्ड वाजवायला बसतो आणि मुलगी नाइलाजाने व्हिटनी ह्यूस्टनचं गाणं म्हणायला लागते, अनोळखी लोकांच्या घरात, आधी पुटपुटत आणि मग अशी काही जीव तोडून की गाणं संपल्यावर ती तिथे थांबतच नाही. त्या सीनला हसायचं की रडायचं हे मला कळलं नाही आणि कळू नये अशीच तिची इच्छा असणार. 2016 ला कानमध्ये सगळे समीक्षक हाच जिंकणार म्हणून बसले होते, ज्युरीने एकही बक्षीस दिलं नाही. समीक्षकांचं वेगळं बक्षीस तेवढं मिळालं.

मुलीचं काम केलंय ते झांड्रा ह्युलरने. पूर्व जर्मनीतल्या झूलची, 1978 चा जन्म, मूळची रंगभूमीवरची. तुम्ही तिला नक्की बघितलीये, 2023 ला कानचं पहिलं बक्षीस मिळालेल्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' मध्ये ती, आणि दुसरं मिळालेल्या 'झोन ऑफ इंटरेस्ट' मध्येही तीच, आउशविट्झच्या भिंतीला लागून बाग फुलवणारी कमांडंटची बायको. एकाच वर्षी.

तुमच्या ह्यांना परत लावून द्यायचा असेल तर रविवारी दुपारी जेवण झाल्यावर लावू नका एवढंच.

असले पिक्चर तिथे चालतात का? आणि नाही चालत तर पैसे कोण घालतं? मी स्वतः शॉर्ट फिल्म करतो म्हणून विचारतोय.
*छत्रपती संभाजीनगर*

चालतात असं नाही म्हणता येणार. तिकीटबारीवर जर्मन लोक बघतात ते विनोदी पिक्चर. 2001 चा 'मानितूचा बूट' म्हणजे काउबॉयवाल्या वेस्टर्न पिक्चरची टिंगल, त्याला 1 कोटी 10 लाखांच्या वर प्रेक्षक आले. 2013 चा शाळेवरचा 'फाक यू ग्योटे', 70 लाखांच्या वर. टिल श्वायगर नावाच्या स्टारचे पिक्चर असेच तुफान जातात आणि समीक्षक असेच वैतागतात. हे पिक्चर देशाबाहेर कोणी बघत नाही, आणि आपण ज्यांची नावं घेतोय त्यांना देशात या मानाने मूठभर लोक बघतात. 'टोनी एर्डमान' घरी पण बऱ्यापैकी चालला, तो अपवाद.

पैशाचं असं आहे. एक केंद्राची फिल्म संस्था आहे, 1968 पासूनची, ती थिएटरं, टीव्ही चॅनेल आणि स्ट्रीमिंगवाले यांच्याकडून ठराविक वाटा घेते आणि तोच पैसा पिक्चरना देते. त्याशिवाय प्रत्येक राज्याचा नाहीतर दोनतीन राज्यांचा मिळून वेगळा फंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरकारी नव्हे पण सार्वजनिक टीव्ही, जो घरटी दर महिन्याला जमा होणाऱ्या 18 युरो 36 सेंटवर चालतो. झेडडीएफ चॅनेलचा एक विभाग 1963 पासून नवख्या डायरेक्टरांचेच पिक्चर करतोय. बर्लिन स्कूलमधल्या बऱ्याच जणांचं घर टीव्हीच्या पैशावर उभं आहे.

आपल्याकडच्या अनुदानापेक्षा मोठा फरक हा की महाराष्ट्रात पिक्चर पूर्ण करून दाखवल्यावर अ दर्जा की ब दर्जा ते ठरतं आणि पैसे नंतर, तिथे स्क्रिप्ट बघून आधी. ऐकायला स्वर्ग वाटतो. पण आधी कमिटीला पटलं पाहिजे, मग टीव्हीच्या एडिटरला पटलं पाहिजे, मग दुसऱ्या राज्याच्या कमिटीला, आणि प्रत्येकजण स्क्रिप्टमध्ये एकेक टाचणी लावतो. राज्यांचा फंड देताना अट असते की दिले त्यापेक्षा जास्त आमच्याच राज्यात खर्च करा. म्हणून गोष्ट एका गावात घडते आणि शूटिंग तीन राज्यांत होतं, बाहेरचं एकीकडे, घरातलं दुसरीकडे. सगळ्यांना चालेल असं गुळमुळीत काहीतरी बनवण्याचा धोका यातच आहे आणि असे दरवर्षी ढिगाने बनतात, ते आपल्यापर्यंत येत नाहीत एवढंच.

याच पैशाच्या वाटेने एक चांगली गोष्ट पण झालीये. मोहम्मद रसूलोफ हा इराणी डायरेक्टर 2024 मध्ये तुरुंगवास टाळून डोंगरातून देश सोडून जर्मनीत आला, त्याचा 'सीड ऑफ द सेक्रेड फिग' फारसी भाषेतला, तेहरानमधला, पण निर्मितीत जर्मन कंपनी आणि जर्मन पैसा होता, म्हणून जर्मनीने तो ऑस्करला स्वतःचा म्हणून पाठवला. आणि त्याच्या आदल्या वर्षी जपानने पाठवलेला 'परफेक्ट डेज' कोणाचा, तर जर्मन व्हिम वेंडर्सचा. टोकियोतले सार्वजनिक संडास साफ करणारा माणूस, जुन्या कॅसेटी, झाडांतून पडणारं ऊन. ज्यांना वेंडर्स फक्त कॉलेजच्या फिल्म क्लबमधून माहितीये त्यांनी जरूर बघा.

फातिह आकिन जर्मन की टर्किश?
*सोलापूर*

हॅम्बुर्गचा. 1973 ला तिथेच जन्मला, आईवडील टर्कीचे. 1961 मध्ये जर्मनीने टर्कीशी करार करून कामगार आणले, काम झालं की परत जातील या हिशोबाने, ते गेले नाहीत आणि त्यांची मुलं आता जर्मनीतले सगळ्यात चांगले पिक्चर काढतायत. वरचा इल्कर चाताक त्यातलाच, आर्सलान पण.

आकिनचा 'हेड ऑन', 2004, बर्लिनेलचं गोल्डन बेअर, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस, घेऊन गेला, घरच्या पिक्चरला ते 18 वर्षांनी मिळालं होतं. घरातून सुटण्यासाठी एका दारुड्याशी कागदोपत्री लग्न करणारी पोरगी, आणि मग व्हायचं तेच होतं, प्रेम. मधे मधे इस्तंबूलला पाण्याच्या काठावर गालिचे अंथरून वाद्यवृंद बसलेला दाखवलाय, संगीत नाटकात अंक बदलावा तसा. रगेल, रक्तबंबाळ पिक्चर आहे, घरच्यांसोबत लावू नका.

त्याचा 'इन द फेड', 2017, वेगळा. जर्मनीत नवनाझींच्या एनएसयू नावाच्या टोळीने 2000 ते 2007 मध्ये दहा खून केले, त्यातले नऊ बाहेरून आलेल्या घरांतले, बहुतेक टर्किश, आणि पोलिस वर्षानुवर्षं मेलेल्यांच्या घरच्यांचीच चौकशी करत बसले, की हा ड्रग्जचा मामला असणार. पिक्चरची गोष्ट काल्पनिक आहे पण राग तिथला आहे. डियाने क्रूगरला कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. शेवट मला पटलेला नाही, पण कोर्टातला मधला भाग जबरदस्त.

'व्हिक्टोरिया' खरंच एकाच टेकमध्ये आहे का? की कुठेतरी लपवलेला कट?
*मुंबई*

खरंच एक टेक. 138 मिनिटं, स्क्रिप्ट म्हणे बारा पानांची, तिसऱ्या वेळेला जमलं. शेवटच्या नावांमध्ये डायरेक्टरच्या आधी कॅमेरामनचं नाव येतं, ते योग्यच आहे.

आपल्याकडच्या सिनेमाशी जर्मनीचा काही संबंध?
*सातारा*

जुना आहे. बॉम्बे टॉकीज 1934 ला मालाडला उभी राहिली ती जर्मन तंत्रज्ञांच्या बळावर, 'अछूत कन्या' चा डायरेक्टर फ्रान्झ ओस्टेन म्युनिकचा होता. तिथलाच कॅमेरामन योझेफ व्हिर्शिंग इथेच राहिला आणि 'पाकीजा' पर्यंत काम करत होता. शांतारामबापूंनी 'सैरंध्री' चे रंग करायला जर्मनी गाठली, 1933, रंग काही मनासारखे आले नाहीत. हल्लीचं म्हणाल तर 'लंचबॉक्स' मध्ये जर्मन पैसा आहे, आणि 'रन लोला रन' या जर्मन पिक्चरवरून तापसी पन्नूचा 'लूप लपेटा' आला, त्यावर न बोललेलं बरं.

नवीन कोणाकडे लक्ष ठेवू?
*गोवा*

माशा शिलिन्स्की. 'साउंड ऑफ फॉलिंग', 2025, कानचं ज्युरी बक्षीस विभागून. पूर्व जर्मनीच्या आल्टमार्क भागातलं एकच शेतघर, त्यात शंभर वर्षांच्या अंतरात राहिलेल्या चार मुली, आणि पिक्चर एकीकडून दुसरीकडे कधी जातो ते सांगत नाही, आधीच्या मुलीला पडलेला प्रश्न नंतरच्या मुलीच्या अंगात उगवतो. एकदा बघून सगळी नाती लागत नाहीत. शक्य असेल तर फेस्टिव्हलला मोठ्या पडद्यावर गाठा, आवाजासाठी.

आणि वालेस्का ग्रीझेबाख, नवीन नाही पण कोणी नाव घेत नाही म्हणून घुसवतोय. 'वेस्टर्न', 2017. बल्गेरियात जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर आलेले जर्मन मजूर, आल्या आल्या कॅम्पवर आपला झेंडा लावतात, खाली गावात पाणी पुरत नाहीये. सगळी माणसं अभिनयाशी संबंध नसलेली. काय ते चेहरे.

जर्मनचा क्लास लावलाय, ए2 चालू आहे. ऐकायची सवय व्हावी म्हणून कुठले पिक्चर बघू?
*पिंपरी*

पेट्झोल्ड. माणसं कमी बोलतात, हळू बोलतात, एका वेळी एकच बोलतं. 'बार्बारा' लाव, 1980 च्या पूर्व जर्मनीतल्या खेड्यातली डॉक्टर, हॉस्पिटलमधले शब्द आयते मिळतील. सबटायटल जर्मनच ठेव. बव्हेरियातले विनोदी पिक्चर अजिबात नको, ते हॅम्बुर्गच्या लोकांना पण समजत नाहीत.